रेखाची गाठ साधी निघाली

प्रिय ताई,

आज नागपूरहून तुझ्या रेखाचा रिपोर्ट आला. साधी गाठ निघाली, कॅन्सर नाही! मायला सांगितलं. मग वाटलं, तुला कोण सांगणार? म्हणून लिहायला बसले.

मी आता चंद्रपूरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हसू नको! बेडकाला भिऊन पळणारी मीच ती. सुट्टीत रेखा आली, तेव्हा तिला प्रयोगशाळेत नेलं. कांद्याच्या मुळाचं कोवळं टोक रंगवलं, काचेखाली अंगठ्यानं दाबलं आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पेशीतले धागे दोन बाजूंना ओढले जातात, मधे भिंत पडते, एकीच्या दोन होतात.

"मी पण अशीच वाढली का व मावशी?"

"अशीच. तुझ्या आईच्या पोटात, एका पेशीपासून."

"मंग थांबते कवा?"

"पुरे झालं की थांबते. एखादी ऐकतच नाई, वाढतच राह्यते. त्याची गाठ होते."

पोरीनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मग माझा हात धरून म्हणाली, "मावशी, मलेबी गाठ आहे. छातीत."

तूच डोळ्यांपुढे आलीस. तूही अशीच गाठ पदराआड लपवलीस. मायनं रानातला बिबा तापवून टेकवला, कातडी भाजली, आणि तुम्ही दोघी फोडालाच दुखणं समजत बसलात. फोड वाळला की "बरं वाटते" म्हणायचीस. आत गाठ वाढतच होती, तुला घेऊनच गेली. मला काऊन नाही सांगितलंस व? एका पांघरुणात झोपायचो आपण! राग येतो तुझा. अजून येतो.

रेखाला घेऊन घरी गेले, तर मायनं याही वेळी बिबा काढला. रेखानं तिचा हात धरला. "आजी, वरून जाळून आतलं कसं कळन?" माय खूप रडली. मग लुगडं बदललं आणि आमच्यासोबत नागपूरच्या एसटीत बसली.

गाठ काढली, आता जखम भरते आहे. तिथंही एकीच्या दोनच होताहेत, ताई. तेच काम, पण किती शहाणं! रेखा रोज हाक मारते, "मावशी, पाह्य, भरून राह्यली!"

येत्या पौर्णिमेला विहारात बायका जमल्या की मी त्यांना सगळं सांगणार आहे. माय म्हणते, "मीबी बोलन." वचन देते ताई, तुझ्या दुखण्याचं नाव या घरात आता कुणी हळू आवाजात घेणार नाही.

तुझीच लहानी,
शोभा