क्लीनर बाजूचा आर्म

वर्तकनगर, ठाणे
माघ पौर्णिमा

प्रिय रत्नदीप,

सप्रेम जय भीम. गेल्या सोमवारी शिळफाट्याच्या शेडवर टेम्पो आला. त्यातून सीमलेस पाइप सहा फूट उतरला, रुपये सतराशे पन्नास. जाड पट्टी सहाशे चाळीस. लेथवर कातून आणलेल्या दोन नळ्या सातशे. वेल्डिंगच्या रॉडचं पाकीट चारशे वीस. आणि टेम्पोवाल्याचे तीनशे, ज्यावर मी त्याच्याशी भांडले, पण तो बधला नाही. बॉल जॉइंट आणि रबरी बुश मात्र मी तुझ्या दादांना नवे घेऊ दिले नाहीत. चुकलेल्या आर्ममधले काढा आणि तेच वापरा म्हटलं. कारण हा सगळा माल एकदा येऊन गेलेला आहे. दुसऱ्यांदा आला तो का आला, तेच सांगायला बसले आहे.

ठाण्याहून कल्याणला कोण पत्र टाकतं, असं तुला वाटेल. पण फोनवर माझं नाव दिसलं की तू उचलत नाहीस. दिवाळीत घरी येऊन गेले, तर अमृताने चहा दिला, पोहे दिले, आणि तू कामावरून यायच्या वेळेला मला गोड बोलून रिक्षात बसवलं. तिच्यावर रागावू नकोस, बिचारी दोन्हीकडून कात्रीत. मग म्हटलं, पत्र तरी उघडेल. मी लग्न होऊन आले तेव्हा तू आठवीत होतास आणि मला आलेली माहेरची पत्रं माझ्याआधी फोडून वाचायचास. ती खोड गेली नसेल.

आबांची पिकअप तुला माहीतच आहे कुठे उभी आहे. कंपनीने निकालात काढली तेव्हा आबांनी ती घेतली, आणि तुम्हा दोघा भावांची शाळा झाली ती तिच्याच पोटाखाली. तीन वर्षं ती शेडमध्ये ठोकळ्यांवर होती, पुढची चाकं काढलेली. डिसेंबरात जागेचे मालक आनंदशेठ आले आणि म्हणाले, कांतावहिनी, मार्चअखेर जागा मोकळी करून द्या, गाडी चाकावर जात असेल तर जाऊ दे, नाहीतर मी क्रेन लावून भंगारात पाठवतो. माणूस वाईट नाही, त्याचीही जागेची अडचण आहे. दादांनीच मग भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, गाडीभोवती फिरला, पायाने टायर नसलेल्या ड्रमला ठोकर मारली आणि वजनाचा भाव सांगितला. दादांनी त्याला चहा पाजला, वर एक बिस्कीटही दिलं, आणि म्हणाले, तुम्ही निघा आता. मी विचारलं, का हो, पटला नाही भाव? तर म्हणाले, त्याने लाथ का मारली? एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तुझे दादा सकाळचा डबा घेऊन शिळफाट्याला जायला लागले. वय बासष्ट. बस बदलून जातात.

पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारे जे दोन आर्म, ते दोन्ही नवे करायचे असं त्यांनी ठरवलं. मी त्यांना हातच म्हणते. दादा हसतात, पण इंग्रजी येत नसलं तरी मॅट्रिक झाले आहे, आर्म म्हणजे हातच की. चाक खड्ड्यात गेलं की तो हात खाली येतो, उंचवट्यावर चढलं की वर जातो, आणि एवढं होऊनही चाक सोडत नाही. त्या गाडीचे तयार आर्म आता कुठे मिळतात? ड्रायव्हर बाजूचा जुना होता, झिजलेला पण अख्खा. त्याच्यावरून मापं घेतली. जाड लोखंडी पाटावर खुंट्या ठोकून साचा केला. पाइप कापला, तोंडं कानशीने गोल करून एकमेकांत बसवली, वर स्प्रिंग बसायची वाटी जोडली. मी रविवारी डबा घेऊन जायचे तेव्हा बघायचे. इतक्या वर्षांनी माणूस शीळ घालत काम करत होता रे. मला आधी वाटलं शेजारचा कुणीतरी आहे.

दोन्ही आर्म झाले. रंग दिला. ड्रायव्हर बाजूचा असा बसला की हाताने ढकलला आणि आत गेला, बोल्ट आपणहून उतरले. मग दुसरा उचलला. आणि काय झालं ते लिहिताना मलाच कसंतरी होतंय. ते ड्रायव्हर बाजूलाच उभे होते. तिथूनच बॉनेटच्या रिकाम्या जागेतून त्यांनी तो आर्म पलीकडे पुढे केला आणि म्हणाले, घे रे.

पलीकडे कोण होतं? मी होते, हातात डब्याचं झाकण घेऊन.

मग स्वतःच वळसा घालून गेले. लावायला बघतात तर लागेना. उलटा केला तर स्प्रिंगची वाटी खाली जाते, सुलटा केला तर तोंड मागे. ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या की होतं ना, तस्सं. पस्तीस वर्षं फॅब्रिकेशन केलेल्या माणसाने एकाच साच्यावर दोन्ही एकाच बाजूचे करून ठेवले. मला वाटलं आता पान्हा फेकणार. तर खाली बसले, टायरवर, आणि म्हणाले, कांता, दोन्ही माझ्याच बाजूचे झाले.

खरंच की. तुमची कामाची रीतच तशी. आबांनी लावून दिलेली. दादांनी ड्रायव्हर बाजू करायची, तू क्लीनर बाजू, आणि कुणी कुणाच्या बाजूला हात लावायचा नाही. माजिवड्याच्या गॅरेजमध्ये मी डबा घेऊन यायचे तेव्हा इंजिनच्या दोन अंगांनी तुम्हा दोघांचे फक्त पाय दिसायचे आणि मधून भांडण ऐकू यायचं. तुझी बाजू खाली बसलीय बघ. बसली नाहीय, तुझी मान वाकडी आहे. मान वाकडी असली तरी माझा जोड सरळ असतो, रत्न्या. आबा बाहेर विडी ओढत म्हणायचे, दोन्ही बैल गुणाचे आहेत, फक्त एकमेकांकडे तोंड करून बांधायचे नाहीत. दादांनी उभ्या आयुष्यात क्लीनर बाजूचा एक आर्म कधी केला नाही. ती बाजू आपोआप होते, अशीच त्यांना सवय.

आता त्या दिवसाचं लिहिते. टाळून चालायचं नाही. आज पौर्णिमा, मी सकाळी विहारात जाऊन अष्टशील घेतलं आहे, तेव्हा कमीजास्त काही लिहिणार नाही. आबा पिकअप घेऊन निघाले, माजिवड्याच्या पुलाखाली क्लीनर बाजूचं चाक आडवं झालं, गाडी दुभाजकावर गेली. आबांचा खुबा मोडला. त्याच आर्मला गेलेला तडा तू आठवडाभर आधी जोडून दिला होतास. हॉस्पिटलच्या जिन्यात, सगळ्यांदेखत, दादा तुला म्हणाले, हे तुझ्या हातचं आहे. चार शब्द. तू हेल्मेट तिथेच पायरीवर ठेवून चालत गेलास, ते अजून आमच्या माळ्यावर आहे.

आबांनी मात्र तुला कधी बोल लावला नाही. प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या नर्सला सांगायचे, गाडी म्हातारी, ड्रायव्हर म्हातारा, दोघांचाही खुबा एकाच दिवशी गेला, हा योग बघा. पुढच्या वर्षी ते गेले ते छातीच्या दुखण्याने, डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलेलं आहे. पुण्यानुमोदनाला तू आलास, मागे चपलांजवळ उभा राहिलास आणि खीर न घेता गेलास. मला सगळं दिसत होतं. आणि अमृताने दिवाळीत सांगितलं ते तर डोक्यातून जातच नाही. घराच्या खिडकीची जाळी निखळली, तेवढ्या दोन जोडांसाठी तू बाहेरचा वेल्डर बोलावलास आणि तो काम करत होता तोवर आतल्या खोलीत दार लावून बसलास. गोडाउनची नोकरी वाईट नाही, पगार वेळेवर होतो, हे मलाही कळतं. पण तू त्या हाताला शिक्षा दिलीस, रत्नदीप.

तर चुकलेला आर्म समोर पडलेला. आता क्लीनर बाजूची मापं हवीत. ती एकाच ठिकाणी होती, त्या तुटलेल्या आर्मवर. अपघातानंतर क्रेनवाल्यांनी तो चिखलासकट गोणपाटात बांधून दिला होता, तो शेडच्या कोपऱ्यात तसाच पडून. तीन वर्षांत तो कुणी उघडला नाही. दादांनी नाही, तूही नाही. दोघांनाही पक्कं माहीत होतं ना आत काय आहे ते! मी दोनदा म्हटलं, अहो आडवा येतो, बाहेर तरी ठेवा. तर माझ्यावर वसकन आले होते.

त्या रविवारी त्यांनी तो उघडला. सुतळी गाठ सोडवून काढली, कापली नाही. चिखल दगडासारखा झालेला. मी रॉकेल ओतत होते, ते तारेच्या ब्रशने घासत होते. ग्रीस गेलं, माती गेली आणि आधी तुझा जोड दिसला. मी लोखंडातलं काही जाणत नाही, पण शिवणातलं जाणते. एकसारखे टाके, एकावर एक बसलेले, एकही सुटलेला नाही. दादांनी त्याच्यावर अंगठा फिरवला, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत उलटा. नंतर तुटलेलं टोक बघितलं. ते तिथून चांगलं चार बोटं लांब, जिथे आर्म सांगाड्याला अडकतो तिथे. तिथलं लोखंड आतून गंजून गेलेलं, बाहेरून रंग शाबूत आणि आत पापुद्रे. नखाने टोकरलं तर पापडासारखं गळून पडलं. तिथे तू हात लावलेलाच नव्हतास. तिथे कुणाचंच लक्ष नव्हतं. दादांचंही नाही, आणि अपघाताच्या महिनाभर आधी गाडीखाली जाऊन ग्रीस भरलेलं त्यांनीच.

त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, कांता, जोड धरून आहे. आणि उठून बाहेर नाल्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. जेवले नाहीत. एरवी मी अन्न टाकू देत नाही, त्या दिवशी डबा तसाच बांधून परत आणला.

नवा माल आला तो त्यानंतर. आता साचा उलटा करून घेतला आहे. पाइप कापलेत, तोंडं बसवलीत, नळ्या जागेवर, सगळं साच्यात चोख बांधून ठेवलंय. आणि जोड मात्र एकही टाकलेला नाही. आठवडा झाला. रोज जातात आणि रोज कारण सांगतात. वीज कमी दाबाने येते. रॉड दमट आहेत. मी रॉड गच्चीत उन्हात वाळवून दिले, तर म्हणे काचेतून नीट दिसत नाही. डोळे तपासून आणले, डोळे ठीक. शेवटी मीच म्हटलं, फोन लावा त्याला. तर तुझे दादा, ज्यांनी मला कधी उलट उत्तर द्यायला कमी केलं नाही, ते इतकंच म्हणाले, कुठल्या तोंडाने लावू?

आता हे पत्र का, ते सांगते. काल रात्री जेवणं झाल्यावर मी कागद काढला तेव्हा मी त्यांना सांगितलं नव्हतं कुणाला लिहितेय. पहिल्या पानाच्या पुढे जाईना म्हणून झोपले. सकाळी विहारातून आले तर कागदावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड ठेवलेलं. तुझ्या जोडाचा तुकडा. दोन्ही बाजूंनी करवतीने कापून काढलेला, घासून पुसून, गंज लागू नये म्हणून तेल लावून. स्वतः मोरीत अंघोळीला, आणि पाणी इतकं जोरात सोडलेलं की मी काही विचारूच नये. तो तुकडा याच पाकिटात घालते आहे. वजनाप्रमाणे टपाल जास्त पडेल, पडू दे. हातात घे, उजेडात बघ, अमृतालाही दाखव. तीन वर्षं तू जे ओझं वाहतो आहेस ते तुझं नव्हतं, आणि हे तोंडाने बोलायला जमत नाही म्हणून तुझ्या दादांनी ते कापून दिलं आहे. क्लीनर बाजू तुझी वाट बघत साच्यात बांधलेली आहे. माफी ते मागतील की नाही मला ठाऊक नाही, मागितली तरी वाकडीच मागतील, तेवढं तू सांभाळून घे. येत्या रविवारी मी शेडवर जाणार आहे. उलट टपाली दोन ओळी टाक, नाहीतर एकच टाक, भाकऱ्या किती जणांच्या करू एवढं तरी कळव.

तुझीच,
कांतावहिनी