टॉवरमधला पाऊस

बाबा, आज इंदिरा नगरच्या घरी जेवायला बसले आणि तुमची फार आठवण आली, म्हणून लिहायला घेतलं. आई समोर मटार सोलते आहे. तुमचा नातू, तुम्ही न पाहिलेला, मधूनमधून येऊन विचारतो, "किसको लिख रही हो?" मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. घरात मराठीच बोलायचं हा तुमचा नियम केव्हाच बारगळला.

तुम्ही सोमवारी पहाटे आलमबागच्या स्थानकावरून बस धरून वीजकेंद्रावर जायचात, ते शनिवारी परत. तिथला कूलिंग टॉवर तुमच्याकडे होता, आणि घरी त्याचं कौतुक इतकं चालायचं की आई त्याला सवत म्हणायची. एका थंडीत तुम्ही मला घेऊन गेलात. मी चौथीत असेन. धुकं असं की पायाशी पोचेपर्यंत टॉवर दिसलाच नाही, आणि मग दिसला तो संपेचना. मान दुखेपर्यंत वर पाहिलं तरी काठ नाही. खालच्या तिरक्या खांबांमधून तुम्ही मला आत बघायला लावलंत, तर आत पाऊस पडतोय! बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत कोमट पाऊस, आणि बाहेरचा सगळा वारा आत ओढला जातोय, माझ्या मफलरचं टोकसुद्धा. तुमच्या हाताखालचे ऑपरेटर भैया घाबरून म्हणतात, "साहब, बिटिया भीग जाएगी।" तुम्ही म्हणता, "भीगने दो, हमारे गाँव में इतना पानी किसने देखा है!" सोलापूरकडच्या कोरड्या गावात लहानपणी आजीबरोबर घागरी वाहिलेले तुम्ही, त्या पावसाकडे हात जोडल्यासारखे बघत होतात. मला पावसापेक्षा तुमचा चेहराच जास्त आठवतो.

मी टाळ्या पिटत म्हटलं, "बाबा, असे खूप टॉवर बांधा!" आणि तुम्ही एकदम रागावलात. "अगं बये, हे फुकटचं वाटलं का तुला? कोळसा जाळून वाफ करायची, वाफेने यंत्र फिरवायचं, आणि ती वाफ थंड करायला हे दुसरं पाणी. त्यातलं जे ढग होऊन वर जातं, ते कालव्यात परत येत नाही. कुणाच्या तरी शेताचं असतं ते." देवाधर्माच्या वाटेला न जाणारे तुम्ही जेवणाआधी ताटाभोवती पाणी मात्र फिरवायचात. आईने हटकलं की म्हणायचात, "नदीचं आहे. दिवसभर घेतोच, जेवताना थोडं परत." ते बोलणं मला त्या दिवसापासून समजायला लागलं. चूळभर पाण्याने नदीचं काय होणार होतं! पण तुम्ही कधी चुकवलं नाहीत.

मीही तुमच्याच वाटेने गेले. यंदा एका नव्या वीजकेंद्राचं काम आमच्या ऑफिसकडे आलं आणि ते थंड कसं ठेवायचं हे मी सुचवायचं होतं. एक तर तुमच्यासारखे टॉवर, नाहीतर पंख्यांच्या वाऱ्यावर चालणारी कोरडी पद्धत. तिला पाणी फारसं लागतच नाही. पण ती महाग, आणि ऐन लूच्या, उन्हाळी झळांच्या दिवसांत, सगळ्यांचे कूलर सुरू असतात तेव्हा, वीज थोडी कमी देते. वरच्यांचा कल टॉवरकडे होता. माझाही जीव तिकडेच ओढत होता, कारण कोरडं सुचवायचं म्हणजे तुमचं जन्मभराचं काम आपल्याच हाताने मोडीत काढायचं. मग कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावी गेले. कालव्याच्या पोटात शेळ्या चरत होत्या. एक अम्मा म्हणाल्या, "बिजुली तौ हमहूँ का चाही बिटिया, मुला पानी पहिले।" वीज आम्हालाही हवी, पण आधी पाणी. आजी असती तर हेच म्हणाली असती.

नंतर एक कोरडं केंद्र बघून आले. उंच खांबांवर छतासारखे ओळीने पंखे, एकेक आपल्या बैठकीच्या खोलीपेक्षा मोठा. खाली उभी राहिले. कानठळ्या बसवणारा आवाज, आणि जमीन ठणठणीत कोरडी. इतकी वीज तयार होते आहे आणि कुठे ढगाचा पुंजका नाही. मी चौथीतल्यासारखी आ वासून वर बघत राहिले. तुम्ही शेजारी हवे होतात.

मी कोरडी पद्धत सुचवली, भांडले, आणि आज सकाळी ती मान्य झाली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, सवत गेली," आणि डोळे पुसत मटारांकडे वळली. आपल्या गच्चीवरही आता सौर पॅनल आहेत. ओल्या फडक्याने पुसले की झालं, तेवढंच त्यांचं पाणी.

हे पत्र कुठे पाठवणार, तुमच्याच जुन्या कपाटात ठेवीन. एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यापासून ताटाभोवती पाणी मी फिरवते. आज वाटलं, आता नदीचं घेणार नाही, मग कशाला? तरी हात गेलाच. खरं सांगते, बाबा, माझं ते पाणी नदीसाठी कधीच नव्हतं. तुमच्यासाठी होतं.