उष्टी हळद कोणाची?

साखरखेर्डा,
होळीनंतरचा रविवार

तीर्थरूप शेषरावदादाच्या चरणी धाकट्या सत्यभामाचा नमस्कार. (नमस्कार रीतीप्रमाणे केला आहे. राग आपल्या जागी आहे.)

लोणारला तुझी, वहिनीची आणि तुझ्या गुडघ्याची तब्येत कशी आहे? गुडघ्यासाठी पाठवलेली तेलाची बाटली उघडलीस, की अजून देवळीत उभी आहे? यंदाची हळद काढून, उकडून झाली असेल. वाळत घातली असशील तर अंगणात कोंबड्या येऊ देऊ नकोस. आमच्याकडे सगळं ठीक. नारायणरावांना एका कानाने कमी ऐकू येतं. कोणत्या कानाने, ते मी काय काम सांगते आहे त्यावर ठरतं. माझ्या चष्म्याचं तेवढं वाईट झालं, ते पुढे येईलच.

घरात मोबाइल असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तू म्हणशील. कारण तूच आहेस. दिवाळीत तुझ्या मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं, की मी लग्न करीन तर प्रेरणाशीच, आणि तू मला बजावलंस, ‘त्या पोरीचं नाव माह्यासमोर काढायचं नाही.’ तेव्हापासून मी नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत पोचले की तुझा फोन बंद. पत्र असं कापता येत नाही. आणि भज्यांच्या पुड्याचा कागदसुद्धा तू दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय टाकत नाहीस, हे मी लहानपणापासून पाहते आहे. तरी तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून या पत्रात मी तिचं नाव घेणार नाही. जिथे संबंध येईल तिथे नुसतं ‘ती’ म्हणेन. प्रेरणाच्या नावाला मात्र तू बंदी घातलेली नाहीस, म्हणून तिला प्रेरणाच म्हणणार. (उंद्रीची मुलगी. भाजीपाल्यातले लोक. वांगी चांगली येतात त्यांची.)

तर झालं असं. मराठी भाषा दिनाला आमच्या वाचनालयात वादविवाद असतो. मागच्या वर्षी विषय होता ‘मोबाइल : शाप की वरदान’. यंदा फळ्यावर लिहून आलं, ‘समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी काय?’ विषय कोणी काढला हे अजून कोणी कबूल करत नाही. विरोधात बोलायला एवढी गर्दी, की त्यांच्यातच भांडणं लागली आणि शेवटी वयाचा मान म्हणून रिटायर मुख्याध्यापक पंजाबराव उभे राहिले. बाजूने बोलायला कोणी नाही. मग वाचनालयाचा सेक्रेटरी आमच्या घरी आला, चहा प्याला, इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता म्हणाला, “काकू, तुमच्याशी भांडाले गावात कोनाची हिंमत नाही. तुमीच उभ्या राहा.” हे कौतुक होतं की काय होतं, यावर मी दोन दिवस विचार केला.

पण खरं सांगू दादा? मी हो म्हटलं ते कुतूहलापोटी. दिवाळीत तू ओरडलास, वहिनी रडली, नारायणराव नको त्या कानाने ऐकत बसले. विचारलं मात्र कोणीच काही नाही. मला तर केवढे प्रश्न पडले होते! एवढी नवी गोष्ट घरात आली, आणि साधी चौकशीही करायची नाही? नवा ट्रॅक्टर आला तरी आपण चार फेऱ्या मारून खाली वाकून बघतो.

म्हणून मी चौकशीला निघाले. आधी गुरुजींना विचारलं, की दोन्हीकडे मुलीच असल्या तर कन्यादान कोणी कोणाला करायचं? ते म्हणाले, शोधून सांगतो. तेव्हापासून मला पाहिलं की ते मागच्या गल्लीने जातात. मग लग्नाचा मांडव घालणाऱ्या बिछायत केंद्रवाल्याला गाठलं. त्याला वेगळीच चिंता. स्टेजवरच्या दोन खुर्च्यांत नवरदेवाची खुर्ची उंच असते, ती द्यायची कोणाला? पण तो धंद्याचा माणूस. क्षणभर डोकं खाजवलं आणि म्हणाला, सोफा लावून देऊ. गुरुजींपेक्षा तो बरा.

मग गेले गोजरबाईकडे. गावातल्या एकूण एक लग्नात हळदीची गाणी हीच म्हणते, तुझ्या लक्षात असेल. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, दातांना मिश्री लावली आणि माझीच उलटतपासणी घेतली.

“दोघीबी नवऱ्याच?”

“हाव.”

“मंग पानी कोन भरते?”

“दोघी.”

“भाकरी?”

“दोघी.”

“मंग त्याइच्यात नवऱ्याचं काम कोन करते?”

मी म्हटलं, “कोनतं काम, मावशी?”

गोजरबाईने मिश्रीची पिंक टाकली. मग म्हणाली, “हाव, तेबी खरंच.”

पण तीच गोजरबाई एका जागी अडली. आपल्याकडे आधी नवरदेवाला हळद लागते, आणि त्याच्या अंगची उरलेली, उष्टी हळद नवरीकडे जाते. ती आल्याशिवाय नवरीला पाटावर बसवत नाहीत. आता दोन्हीकडे नवरीच, तर उष्टी हळद कोणाची आणि कोणाला? बाकी सगळं गोजरबाईला पटलं, पण हे काही सुटेना. आजही रस्त्यात भेटली की नमस्काराच्या आधी हेच विचारते. मलाही तेव्हा सुचलं नाही.

कायद्याचा भाग मला नारायणरावांनी समजावला. (त्या दिवशी दोन्ही कान चालू होते.) असे जोडीदार मोठ्या कोर्टात गेले होते. कोर्टाने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की या लग्नांना मान्यता देणं आमच्या हातात नाही, ते काम संसदेचं आहे. म्हणजे तलाठ्याकडे जावं तर तो तहसीलला पाठवतो, तसं. मी विचारलं, पण कायदा लागतोच कशाला? दोघी पुण्यात राहतात की सुखाने. तर हे म्हणाले, “विसरली का? पुन्याच्या दवाखान्यात काय झालं थे?”

ते तुला माहीत नाही. फोन कापल्यावर माणसाला बऱ्याच गोष्टी माहीत होत नाहीत. मार्गशीर्षात तिला डेंग्यू झाला होता. प्रेरणाने तिला दवाखान्यात नेलं, तर खिडकीवर विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? प्रेरणा म्हणाली, मैत्रीण. ते म्हणाले, नात्यातलं कोणी बोलवा. प्रेरणाने लोणारला फोन लावला, तू उचलला नाहीस. मग मला लावला. मी एसटी बदलत बदलत पुण्याला पोचले, खिडकीशी जाऊन ‘मी आत्या’ म्हटलं, आणि सगळी दारं उघडली. डॉक्टरने मला विचारलं, पेशंटला कोणतं औषध सोसत नाही? मी प्रेरणाकडे बघितलं. प्रेरणाने सांगितलं, डॉक्टरने लिहून घेतलं आणि सही माझी घेतली. आधीची दुखणी, झोप, जेवण, सगळं तेच. जिला काहीच माहीत नव्हतं ती नात्यातली, आणि जिला सगळं माहीत होतं ती बाहेरच्या बाकावर. मला त्या खिडकीचा फार राग आला दादा. आणि तुझाही आला. आता ती ठणठणीत आहे.

वादविवादाच्या दिवशी वाचनालय भरून बायका ओट्यावर बसल्या होत्या. पंजाबराव छान बोलले, उगाच नाही म्हणणार नाही. परंपरा झाली, समाज झाला, आणि शेवटी त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला, की अशा लग्नात वरपक्ष कोणता? मान कोणाचा? पंगतीला आधी कोण बसणार, आणि रुसायचं कोणी? लोक पोट धरून हसले. मी उठले, भाषणाचा कागद उघडला, तर सगळी अक्षरं एकमेकांत मिसळलेली. घाईत नारायणरावांचा चष्मा घालून आले होते. माझा कुठे गेला ते नंतर कळलं. निघण्याआधी घरी मी ज्या खुर्चीवर बसले होते, तिच्यावर तो माझ्या आधीपासून बसला होता.

तेव्हा कागद ठेवला आणि मनाला येईल ते बोलले. दवाखान्याची खिडकी सांगितली, पण लोक नुसते ऐकत राहिले. मग मी माझं लग्न सांगितलं. तुला आठवतं? ह्यांच्या काकांच्या पत्रावळीत मोडका पापड पडला आणि ते मांडवाबाहेर लिंबाखाली रुसून बसले. बाबा आजारी, म्हणून वधूपक्षाचा कर्ता तू. मिसरूड फुटलेलं तुला. तू अख्खा पापड ताटात घेऊन पळत गेलास, त्यांनी बघितलं नाही. तू हात जोडलेस. शेवटी तू त्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलंस, तेव्हा ते उठले आणि पापड तर खाल्लाच नाही. मी मुंडावळ्या बांधून खिडकीतून सगळं पाहत होते. मला निरोप देताना तू डोळे पुसून म्हणालास, ‘सत्यभामे, माह्या पोरीच्या लग्नात मी कोनाच्या पाया पडनार नाही.’

(सभेत तुझं नाव घेतलं नाही, ‘माझा एक भाऊ’ एवढंच म्हटलं. आता मला एकच भाऊ आहे हे गावाला माहीत आहे, त्याला मी काय करू.)

मग मी पंजाबरावांना म्हटलं, सर, तुम्ही दोन मुली उजवल्या, तुम्हीच सांगा. जिथे दोन्ही बाजू वधूपक्षच, तिथे रुसणार कोण आणि पाया पडणार कोण? ओट्यावरच्या बायका जोरात हसल्या. पुरुषांच्या बाजूला मात्र सगळे मुलींचे बाप एकमेकांकडे बघायला लागले. पंजाबराव चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, “वहिनी, मुद्दा विचार करन्यासारखा हाये.”

तरी पहिला नंबर त्यांनाच मिळाला. बोलणारे दोघंच असल्यामुळे मला उत्तेजनार्थ. बक्षीस म्हणून स्टीलची मोठी परात मिळाली. पंजाबरावांना ढाल मिळाली, म्हणजे उपयोगाची वस्तू माझ्याकडेच आली.

असो. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहायला बसले, दुसरं काही काम नव्हतं. वहिनीला नमस्कार. उन्हात फिरू नकोस.

तुझी धाकटी,
सत्यभामा

ता. क. — परात रिकामी आहे. तुझ्या शेतातली यंदाची हळद हवी होती. दुकानातली चालणार नाही. दळून नको, इथे जात्यावर दळू. गोजरबाईने आत्तापासून घसा साफ करायला घेतला आहे. कोर्टाचा कागद मिळत नाही हे आम्हाला कळतं. तो मिळायला हवा आणि त्यासाठी मी पुढच्या वर्षीही भाषण करीन. पण तोवर हळद लावायला आणि हार घालायला आमचं अंगण आहे. अक्षय्य तृतीयेला.

आणखी एक ता. क. — प्रेरणाची आई सिंधूताई तुझ्यासारखीच तोंड फिरवून बसली होती. होळीच्या आधी अचानक उंद्रीहून आली, वांग्यांची पिशवी माझ्या ओट्यावर आपटली आणि म्हणाली, “माह्या पोरीले उष्टी हळद लागू देनार नाही, सांगून ठेवते.” मीही म्हटलं, “मंग आमची काय रस्त्यावर पडली हाये?” असं आम्ही दुपारभर भांडलो. चहा करताना माझ्या लक्षात आलं, की बाई हळदीवरून भांडते आहे म्हणजे लग्न तिने मान्य केलं आहे. मग भांडण जरा लांबवलं. शेवटी ठरलं ते असं : दोघींना शेजारी शेजारी पाटावर बसवायचं, एकाच परातीतली हळद घ्यायची आणि एकाच माणसाने दोन्ही हातांनी दोघींना एकदम लावायची. म्हणजे उष्टी कोणाचीच नाही. (डावा हात कोणाच्या वाट्याला, यावर सिंधूताई पुन्हा अडून बसली आहे. ते बघू.) आणि तो माणूस ज्याच्या शेतातली हळद तोच, यावर आमचं दोघींचं एकमत झालं. तेव्हा हळद पार्सलने पाठवू नकोस, घेऊन ये. कोणाच्याही पाया पडावं लागणार नाही. तुझा तेव्हाचा शब्द खरा करायची याहून चांगली संधी तुला मिळणार नाही दादा, आणि मला तू त्या अंगणात हवा आहेस.

शेवटचा ता. क. — माझं अक्षर तुला ठाऊक आहे, कोंबडीने उकरल्यासारखं. आणि चष्मा तर चिखलीहून अजून यायचा आहे. हे पत्र मी पलंगावर पडून नुसतं सांगितलं. लिहिलं कोणी, ते तू पहिल्याच ओळीला ओळखलं असणार; पाटीवर हात धरून हे अक्षर तूच वळवलं होतंस. तरी इथपर्यंत वाचलंस. मी नाव घेणार नाही म्हटलं होतं, घेतलं नाही. पण खाली थोडी जागा उरली आहे, आणि लिहिणारीला मी अडवू शकत नाही.

बाबा, ते तेल कोमट करून लावायचं असतं. पुढची बाटली घेऊन मी घरी येऊ का?
— योगिनी