चिटणिसांच्या मुलीचा फॉर्म

नाना, काल तुमच्या शाळेतून दोघं आले होते. मी अजून ‘तुमची शाळा’च म्हणते बघा. शिकले तिथं, पण ती माझी कधी झाली नाही. दोघेही समितीवरचे, दोघेही रिटायर्ड, एकाच्या हातात काठी. अवघडून बसले आणि म्हणाले, स्मरणिका काढतोय, पहिल्या चिटणिसांवर मुलगी म्हणून चार शब्द लिहून द्या, त्यांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल. मी चहा ठेवायला उठले आणि ओट्यापाशी मला हसूच आलं. म्हटलं, अर्धा जन्म या समितीला चहा पाजण्यात गेला, अजून सुटका नाही. कप हातात दिल्यावर काठीवाले हळूच म्हणाले, की यंदापासून मराठी माध्यम बंद होतंय, म्हणून ही स्मरणिका. मुलंच येत नाहीत हो, म्हणाले. मला वाईट वाटलं, नाना. आनंद व्हावा एवढी दुष्ट असते तर बरं झालं असतं. आज सकाळी कागद घेऊन बसले, ‘निःस्वार्थ’ असं लिहिलं आणि पुढं काही सुचेना. तेव्हा त्यांचं राहू दे, आधी तुमच्याशी बोलते.

तेव्हाच्या मुलुंडात मराठी हायस्कूल नव्हतं. चौथी झाली की पोरांनी ठाण्याला जायचं नाहीतर घरी बसायचं, आणि पोरींनी तर घरीच बसायचं. तुम्ही फोर्टातल्या कचेरीत हेडक्लार्क, डॉक्टरकाका तुमचे लहानपणचे दोस्त, आणि लाकडाच्या वखारीचे शेट, ज्यांनी जागा दिली. तुम्ही तिघं आणि आणखी दोनचार डोकी मिळून शाळा काढलीत. पत्र्याच्या दोन शेड. पावसाळ्यात पत्र्यावर एवढा आवाज व्हायचा की मास्तर शिकवणं थांबवून फळ्यावर लिहीत बसायचे. दर रविवारी समिती आपल्या बाहेरच्या खोलीत जमायची. कुणाकडे विटा मागायच्या, कुठला मास्तर सोडून चाललाय, मुतारीचं दार कुणी मोडलं. आई म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजतायत. पण खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. वर्गात मास्तर म्हणायचे, ही आपल्या चिटणिसांची मुलगी, आणि मी वेणी पुढं घेऊन ताठ बसायची.

मला टेलिफोनमध्ये लागायचं होतं. हे तुम्हाला माहीत होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही. आपल्या मागच्या बिल्डिंगमधली ती ताई होती ना, एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, गोल पातळ नेसून, खांद्याला पर्स लावून जायची. ती कुणाकडे पैसे मागत नसे. भाजीवाल्याला स्वतःच्या पर्समधून काढून द्यायची आणि उरलेले न मोजता आत टाकायची. मी तिला विचारलं तर म्हणाली, मॅट्रिक हो आणि माझ्याकडे ये, मी चिकटवते तुला. एवढंच हवं होतं हो. डॉक्टर नको, प्रोफेसर नको. मॅट्रिकचा एक कागद.

आणि नेमका त्याच वर्षी तुमचा नियम आला. शाळेची कायमची मान्यता अडली होती. इन्स्पेक्टर सांगून गेले, मॅट्रिकचा निकाल पुन्हा खाली आला तर अवघड आहे. मग तुम्हीच सुचवलंत, की जो प्रिलिममध्ये सगळ्या विषयांत पास होईल त्याचाच फॉर्म बोर्डाकडे जाईल, बाकीच्यांनी वर्ष थांबायचं. कच्ची पोरं परीक्षेलाच बसली नाहीत की निकाल आपोआप वर. डॉक्टरकाका म्हणाले, जरा कडक होतंय, तर तुम्ही म्हणालात की शाळाच राहिली नाही तर पोरं बसणार कुठं. मी आतून ऐकत होते आणि मला तुमचंच पटलं. बोला आता.

प्रिलिमच्या महिन्यात आई टायफॉइडनं झोपली होती. तुम्हाला आठवत नसणार, कारण तुम्ही घरात होतात कुठं? आणि असलात की समिती बरोबर. इन्स्पेक्टर पुन्हा येणार म्हणून तुमच्या बैठका रविवार सोडून आडवारीही व्हायला लागल्या. कचेरीतून सुटलात की माणसं घेऊनच यायचात आणि बाहेरूनच सांगायचात, चहा टाक गं, जरा पोहे कर. आईची पेज, धाकट्या भावाचं न्हाणं-जेवण, रॉकेलचा स्टो, आणि मधूनमधून भूमिती. स्टोला पिन मारता मारता मी प्रमेयं पाठ करायची. बाकी सगळं निघालं, गणित राहिलं. थोडक्यात राहिलं, पण राहिलं. माझं गणित तुमच्या समितीनं चहाबरोबर प्यायलं, नाना. हे वाक्य मी आयुष्यभर मनात बोलत आलेय, आज पहिल्यांदा लिहितेय.

आता त्या माणसाबद्दल. निकाल लागल्यावरच्या रविवारी एक मालवणी गृहस्थ आले होते. भांडुपला कारखान्यात कामाला, अंगावर धुवट शर्ट, चपला पार पायरीखाली काढलेल्या. त्यांचा मुलगा इंग्रजीत गेला होता. ते खुर्चीवर बसलेच नाहीत. ‘साहेब, माझ्या झिलाचा वर्स फुकट जातला,’ एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते. तुम्ही त्यांना पाणी दिलंत, नीट समजावलंत, आवाज चढवला नाहीत, आणि नाही म्हणालात. ते गेल्यावर तुम्ही बराच वेळ दारातच उभे होता. मला तुमची दया आली. माझ्या नावाचा विषय पुढच्या रविवारी निघणार होता, आणि मी मूर्ख, तुमची दया करत होते.

तुमच्या समितीची एक पद्धत होती. ज्याच्या घरचा विषय, त्यानं उठून बाहेर जायचं, म्हणजे बाकीच्यांना मोकळेपणी बोलता येईल. बैठक आपल्याच घरी, मग तुम्ही जाणार कुठं? स्वयंपाकघरात आलात. मी शेंगदाणे कुटत होते. तुम्ही पाटावर बसलात, भिंतीला टेकून. मधे फळ्यांची भिंत, पलीकडचा शब्दन्‌शब्द ऐकू येतोय. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, मी तुमच्याकडे बघत नाही. मी खलबत्ता बाजूला ठेवते. बाहेर डॉक्टरकाका सांगतायत की घरात आजारपण होतं, मी स्वतः रोज येत होतो, पोरीनं एकटीनं सगळं केलं. हेडमास्तर म्हणतायत, हुशार आहे, मार्चपर्यंत रोज संध्याकाळी मी तिचं गणित घेतो, माझी जबाबदारी. शेट म्हणतात, अरे जाऊ द्या ना फॉर्म, आपल्या घरची छोकरी आहे. मग डॉक्टरकाकांचा आवाज, ठरलं तर. नाना, मला एवढा आनंद कधी झालेला नाही. लग्नात नाही, मुलं झाली तेव्हाही नाही. मी तुमच्यासाठी कपात चहा ओतला आणि साखर जास्तीची घातली. तुम्ही तो घेतला नाहीत. उठलात आणि बाहेर गेलात.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं, रागात बोलले असं म्हणता आलं असतं. तुम्ही सावकाश म्हणालात, ‘गेल्या रविवारी त्या माणसाला ह्याच दारातून परत पाठवला. तो नियम माझ्या उंबऱ्याशी येऊन थांबत असेल तर तो नियमच नव्हे. फॉर्म जाणार नाही.’

डॉक्टरकाका चिडले. म्हणाले, ‘अरे, वेडा आहेस का तू? तिला विचार तरी.’

आणि तुम्ही म्हणालात, ‘तिला काय विचारायचं?’

बास. बाकीचं सगळं मी समजून घेऊ शकते. नियम, मान्यता, तो मालवणी माणूस, सगळं. तुम्ही आत येऊन मला म्हणाला असतात, पोरी, असं असं आहे, माझी अडचण झालीय, काय करू? तर देवाशपथ, मीच म्हटलं असतं, राहू दे माझा फॉर्म. तुमच्यासारखीच होते मी, तशीच ताठ. पण मला विचारायचं काय होतं त्यात! सगळी समिती बसली होती माझ्यावर आणि माझ्याकडून कुणाला काही हवं असेल तर ते पोहे.

आई अंथरुणातून उठून भिंतीला धरत आली आणि सगळे गेल्यावर म्हणाली, ‘तुमच्या नियमाला माझीच पोर सापडली का हो?’ तुम्ही म्हणालात, एक वर्षाचा तर प्रश्न आहे, पुढच्या मार्चला बसेल. पुढच्या मार्चपर्यंत थांबतंय कोण? श्रावण संपता संपता गिरगावचं स्थळ आलं. माणसं चांगली, नोकरी पक्की. त्यांनी तोंडावर सांगितलं, हो हो, परीक्षा देऊ दे की, आमची ना नाही. तुमचा विश्वास बसला, तुमचा सगळ्यांवरच बसायचा. सासरी गेल्यावर पुस्तकांची ट्रंक माळ्यावर गेली ती गेली. परीक्षेसाठी म्हणून आधीच आणून ठेवलेलं फाउंटन पेन तुम्ही मला लग्नात दिलंत. त्या पेनानं मी सासरी धोब्याचे कपडे लिहायची. अमुक धोतरं, अमुक उशांचे अभ्रे.

पहिलटकरीण म्हणून मी माहेरी आले तेव्हा लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. मधल्या वर्षी प्रिलिमला कुणी अडलं नव्हतं. त्या वर्षी शेटचा भाचा प्रिलिममध्ये तीन विषयांत आडवा. वरचा मजला बांधायचा होता आणि लाकूड सगळं शेटचं. समिती बसली, आणि फॉर्म गेला. तुम्ही एकटे विरुद्ध होतात, असं आईनं मला सांगितलं. नियमच काढून टाकला त्यांनी, म्हणजे भाच्यासाठी मोडला असं दिसायला नको. त्या नियमात एकंदर दोघंच सापडलो, मी आणि भांडुपचा तो मुलगा. मला वाटलं, आता तुम्ही राजीनामा द्याल. आईनंही तसंच म्हटलं असावं, कारण ती दोन दिवस तुमच्याशी बोलत नव्हती. पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही अंघोळ करून, शर्टाच्या बाह्या दुमडून, नेहमीसारख्या खुर्च्या मांडायला लागलात. मी पोट सांभाळत दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, अगं, मी सोडलं तर आहे ते पण जाईल. आज ते गेलंच की हो. तुम्ही सोडलं नाहीत तरी गेलंच.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मला दोन मुलं होती आणि धाकटा सासूबाईंपाशी ठेवून मी हॉस्पिटलात यायची. तुमच्या छातीत पाणी झालं होतं. समितीची माणसं फळं घेऊन यायची, तुम्ही त्यांना गच्चीच्या गळतीबद्दल विचारायचात. एका दुपारी कुणी नव्हतं. मी तुम्हाला मोसंबीचा रस भरवत होते. तुम्ही चमचा हातानं थांबवलात आणि विचारलंत, ‘तुझ्या फॉर्मच्या वेळी मी चुकलो का गं?’

इतकी वर्षं मी ह्या एका प्रश्नासाठी थांबले होते. उत्तर तयार होतं, चहाचं, पोह्यांचं, टेलिफोनचं, सगळं ओळीनं लावून ठेवलेलं. आणि तुमचे डोळे असे होते, की मी म्हटलं, ‘नाही हो नाना. नियम म्हणजे नियम.’ तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला खरं वाटलं की नाही, ते मला कळलं नाही. तुम्ही उरलेला रस प्यायलात. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

तेव्हा आज लिहिते. चुकला होतात, नाना. नियमात नसाल चुकला, पण मला विचारलं नाहीत तिथं चुकलात, आणि त्यापायी माझं सगळं आयुष्य दुसऱ्याकडे पैसे मागण्यात गेलं. वाटलं होतं, लिहिलं की मोकळं वाटेल. काही नाही वाटलं. उद्या त्या काठीवाल्यांचा फोन येईल, आणि मी त्यांना तुमच्या निःस्वार्थ सेवेवर चार शब्द देईन, चांगले देईन. आणि हा कागद जाईल रद्दीत. पत्ता असता तरी मी तो तुम्हाला पाठवला नसता. तुम्ही आत्ता समोर बसून पुन्हा विचारलंत ना, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.