विहिरीचं लीकेज बंद केलं

३ मार्च, सोम.

समितीची पहिली मीटिंग, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. विषय : टेकडीखालची जुनी विहीर वाचवणे. इकडे आम्ही चार सोसायट्या, पलीकडे काचेची आयटी कंपनी, मध्ये महापालिका, कारण जागा तिची. सगळ्यांच्या बोअर त्याच पाण्यावर. दर उन्हाळ्यात सगळ्यांच्याच आटतात, म्हणून सगळ्यांना एकदम विहिरीचं प्रेम. चेअरमन दामले अर्धा तास बोलले. कंपनीची रिया, मुलगी गोड, पण दर वाक्यात ‘स्टेकहोल्डर’. पालिकेचे ज्यु. इंजिनीअर दोन सामोसे खाऊन "सहकार्य राहील" म्हणाले.

पाणी तपासायचं काम माझ्याकडे. "बाईंनी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलीय, बाहेरची लॅब कशाला?" खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून कुणी काही विचारलंच नव्हतं.

९ मार्च, रवि.

सॅम्पल घेतलं. विहिरीवर शांताबाई धुणं धूत होती. सोळा वर्षं आमच्या चादरी, पडदे तिच्याकडेच. मूळची यवतमाळकडची, ती धुते, नवरा मारोती इस्त्री करतो. "थांबा बाई, मी खालून आणून देतो," ती म्हणाली. तिकडच्या बायका ‘देतो’च म्हणतात. म्हटलं, राहू दे. तिच्या दगडाशी बादली भरलेली होती, त्यातूनच बाटली भरली. पाणी विहिरीचंच की. पायऱ्या उभ्या, आणि गुडघे माझे.

घरी तांबडा लिटमस लगेच निळा. बाटली हलवली तर फेस. रिपोर्ट लिहिला : ‘पाण्यात साबणाचा अंश. विहिरीवरील धुणे तातडीने बंद करावे.’ सही, खाली एम. एस्सी. आमचे हे म्हणाले, "डिग्री अजून चालू स्थितीत आहे म्हणायची."

२२ मार्च, शनि.

जलदिन. सगळ्यांना निळे टी-शर्ट, माझाही, एक्सएल. शपथ घेतली. पालिकेच्या गाडीनं शां.चा धुण्याचा दगड उचलून नेला. तिथे बोर्ड : ‘येथे कपडे धुण्यास सक्त मनाई’. खाली तीन लोगो.

शां. भांडली नाही. माझ्याजवळ येऊन एवढंच : "बाई, दगड तं उताराखाली हाये. माया साबन वर चढून विहिरीत कसा जाईन?" मी म्हटलं, "रिपोर्ट आलाय गं." जसा काही तो दिल्लीहून आला होता.

६ एप्रिल, रवि.

चादरी मशीनमध्ये. पडदे अजून लोंबताहेत, मळके. चहाच्या वेळी यांनी सहज विचारलं, "विहिरीत उतरलीस तेव्हा गुडघे दुखले नाहीत?"

"उतरले नाही."

"मग पाणी वर आलं होतं का, तुला भेटायला?"

फार राग आला. त्यांचा नाही. विद्यार्थ्यांना तीस वर्षं घोकून घेतलं, बाटली आधी त्याच पाण्यानं विसळा, सॅम्पल काठाचं नको, मधलं घ्या. आणि मी बाई धुण्याच्या बादलीतून.

दुपारी वॉचमनकडून दोरीनं बाटली विहिरीत सोडून घेतली. लिटमस तांबडा तो तांबडाच. फेस नाही. तीनदा केलं.

१७ एप्रिल, गुरु.

दामल्यांना फोन. ते कौतुकानं म्हणाले, "वा, म्हणजे धुणं बंद केल्याचा लगेच रिझल्ट." मी म्हटलं तसं नाही, पहिलंच सॅम्पल चुकलं होतं. त्यावर, "मॅडम, विहिरीच्या दुरुस्तीचं काम सुरू झालंय, आता आपण मागचं उकरू नये." आपण! फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी शेवटी "बरं" म्हणाले होते.

४ मे, रवि.

विहिरीवर गेले. भोवती पेव्हर ब्लॉक, आत परांची. आतून गुळगुळीत प्लास्टर झालंय, वरपासून तळापर्यंत. कंत्राटदाराचा सुपरवायझर खुशीत. "काकू, भिंतीला सात ठिकाणी लीकेज होतं. केमिकल मारून पॅक केलंय. आता एक थेंब आत येणार नाही, गॅरंटी."

उभीच राहिले. अहो, ते झरे होते. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पाणी तळाला गेलं की शां. आणि मारोती आत उतरत, गाळ उपसत, पहारीनं एकेका झऱ्याचं तोंड मोकळं करत. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. यंदा ते नव्हते, म्हणून सांगायलाही कोणी नव्हतं. इंजिनीअर म्हणे फ्लॅटच्या गळतीचं काम फार छान करतात. आमच्या बी विंगचं त्यांनीच सुचवलेल्या माणसानं केलं होतं. ओल दिसली की बुजवायची.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "कोरडी विहीर, आणि गॅरंटीसकट."

१८ मे, रवि.

लोकार्पण. तळ कोरडा ठणठणीत, म्हणून सकाळी कंपनीनं टँकर आणून विहिरीत ओतले. पाणी बघून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. रिया माझ्या कानात, "काकू, लुकिंग सो ब्लू ना?" माझा सत्कार झाला, शाल-श्रीफळ. घेतलं. नको म्हणता आलं असतं.

२२ जून, रवि.

पाऊस नाही. खडकवासल्यात पाणी कमी, नळ दिवसाआड. चारही सोसायट्यांच्या बोअर खरखरताहेत, कंपनीचीही. आज समिती बसली. पत्र नेलं होतं. उभी राहून वाचलं : सॅम्पल विहिरीतलं नव्हतं, बादलीतलं होतं. चूक माझी. शांताबाईंना परत बोलवा, प्लास्टर फोडून झरे उघडा.

कुणी चिडलं असतं तरी बरं झालं असतं. रिया म्हणाली, "दॅट्स अ ग्रेट लर्निंग, काकू." इंजिनीअर : "तोडायचं तर नवीन प्रस्ताव लागेल, आणि केलेलं काम का तोडलं ते लिहून द्यावं लागेल." दामले : "हे मिनिट्समध्ये नको. आपलं नाव पुरस्कारासाठी गेलंय." आणि माझं पत्र चार घड्या करून माझ्याच हातात दिलं. मी ते पर्समध्ये ठेवलं. टेबलावर ठेवून निघून यायचं, एवढंही जमलं नाही मला. पाणी सगळ्यांचं म्हणून समिती केली, आणि चूक मात्र कुणाचीच नाही.

५ जुलै, शनि.

शां.कडे गेले, कर्वेनगरच्या वस्तीत. पहिल्यांदाच. ती आता कंपनीच्याच कॅन्टीनमध्ये भांडी घासते. मारोती घरी, इस्त्री कोपऱ्यात गार पडलेली. सांगून टाकलं, त्या दिवशी मी तुझ्या बादलीतलं पाणी घेतलं होतं.

"मले मालूम हाये बाई. तुमी बाटली भरली तवा मी तथीच होतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी शिकेल मानूस. मले वाटलं, बादलीतूनच पाह्यत असन."

मला रडू आलं. तिला नाही. चहा केला तिनं, बिनदुधाचा, दूध संपलं होतं म्हणून तीच ओशाळली.

मारोती पहिल्यांदा बोलला. सातही झऱ्यांची तोंडं कुठं आहेत ते त्याला डोळे मिटून माहीत आहे. प्लास्टर काही जाड नाही. पाऊस धरायच्या आत पहारीनं फोडलं तर वाहतील. गाळ आत बसला की मग भरवसा नाही. पण वॉचमन आत उतरू देणार नाही. "तुमी कमिटीत हाये. तुमी फक्त वर उभ्या राहा."

पकडले गेले तर सरकारी कामाची मोडतोड. तक्रार कुणावर होईल ते सांगायला नको. माझ्यावर नाही.

उद्या सकाळी सहाला, असं ठरलं. मी हो म्हटलं.

येताना रिक्षात तीनदा वाटलं, फोन करून नको म्हणावं, आधी दामल्यांशी रीतसर बोलते म्हणावं. घरी येऊन मोबाइल हातात घेतला. सोळा वर्षांत तिचा नंबर मी कधी घेतलाच नाही.