समासातल्या चांदण्या

वन्सं,

त्या सकाळी मी पाणी भरलं, अंथरुणं उचलली, एका शेगडीवर दूध ठेवलं आणि दुसरीवर पुस्तकं चिकटवायची खळ शिजायला ठेवली. दोन्ही पातेली सारखी, आतलं पांढरंही सारखंच. त्यामुळे एकदा तुम्ही चहात दुधाऐवजी खळ घातली होती आणि पिऊन झाल्यावर "आज दूध चांगलं घट्ट आहे" असं म्हणालाही होतात. (खळीला कीड लागू नये म्हणून मी त्यात मोरचूद टाकते, तो विषारी, पण त्या दिवशी अजून टाकलेला नव्हता. हे तुम्हाला आज सोळा वर्षांनी सांगते आहे.) तर त्या सकाळी मी एका हाताने खळ ढवळत होते आणि मांडीवर पुस्तकाचा शेवटचा फर्मा होता, म्हणजे तुम्ही ज्याला पानांची चवड म्हणता तो. तुमचे बंधू दारात उभे राहून वाट बघत होते. दूध वर आलं, म्हणून तो फर्मा मी न वाचताच शिवला. त्यांनी पुस्तक नेलं, शिकंज्यात घातलं, स्क्रू फिरवून आवळलं, "संध्याकाळी कडा कापतो" म्हणाले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. साधी सकाळ होती.

बघा, नमस्कार राहिलाच. आता करते. तो इथून जितका वाकून करता येतो तितका केला आहे, असं समजा. गुडघ्यांमुळे समोर आले तरी याहून जास्त वाकता येणार नाही. तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की डॉक्टरांनाच सांगता? माझी तब्येत ठीक आहे. डोळ्यांचा नंबर वाढला. डोळेवाले म्हणाले, "या वयात इतकं काय वाचता?" मी म्हटलं, परीक्षा आहे. ते हसले. मग मी हसत नाही असं बघून थांबले.

आता मुद्द्याचं. माझी पदवी अडली आहे. अडली ती माझ्याच हाताने, आणि ती कशी हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही, कारण आमच्या घरात काम कसं चालायचं हे पाहिलेलं आता तुम्हीच एक उरला आहात.

तुम्हाला आठवत असेल, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून फाटकी पुस्तकं गठ्ठ्याने घरी यायची. उसवायचं आणि शिवायचं काम माझं, पुठ्ठा चढवायचा आणि कडा कापायचं काम त्यांचं. तेवीस वर्षं हेच. शिवता शिवता मी वाचायचे. माझं शाळेतलं शिक्षण सातवीत संपलं, पुढचं सगळं सुईच्या टोकावर झालं. आता यात एक अडचण अशी की, फाटून येतात ती लोकांनी वाचलेली पुस्तकं. ज्याला कुणी हात लावत नाही ते पुस्तक कशाला फाटेल? त्यामुळे जगाला जे आवडतं ते मी सगळं वाचलं आणि जे आवडत नाही त्यातलं एक अक्षर नाही. चार वर्षांपूर्वी नाव घातलं तेव्हा कळलं की विद्यापीठात नेमकं दुसऱ्या प्रकारचंच शिकवतात. शिवाय पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानं आधी गळतात, म्हणून कित्येक गोष्टींचे शेवट मी स्वतःच लावून टाकलेले होते. पहिल्या परीक्षेत त्यातलाच एक लिहिला. तपासणाऱ्यांनी शेरा दिला, "कल्पना चांगली, पण असं घडत नाही." (माझा शेवट जास्त बरा होता. त्यात ती बाई वाचते.)

नाव घातलं तेव्हा एक माहितीपुस्तिका मिळाली. कोणते विषय, कुणाचे किती श्रेयांक, कोणता कधी घ्यायचा, सगळं त्यात. पण बांधणी काय सांगू! मध्ये दोन तारेचे टाके मारलेले. घरी येईपर्यंत चार पानं पिशवीत सुटी झाली होती. मला बघवेना. टाके काढले, पानं लावून घेतली, सहा फर्मे करून शिवले, खळ लावली, जुन्या निळ्या कापडाचा तुकडा होता तो पाठीला दिला. आता राहिल्या कडा. त्या वर-खाली झाल्या होत्या. कापणी मी आयुष्यात कधी केली नव्हती, पण सुरी होती, पट्टी होती, आणि विचारायला कुणी नव्हतं. कापल्या. सुरेख आल्या. पुस्तिका इतकी देखणी झाली की मी ती उशाशी ठेवत होते.

मग पदवीचाही तसाच हिशेब मांडला. आठ सत्रं म्हणजे आठ फर्मे, एकेका फर्म्यात पंधरा श्रेयांक, आठही शिवले की पुस्तक पुरं. एक वही केली, दर सत्राला पुस्तिकेतून विषय निवडून तिच्यात लिहायचे आणि विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन नोंदवायचे. बरोबरीची पोरं नोंदणीच्या दिवशी रडकुंडीला येतात, याची वेळ त्याच्यावर आणि त्याचा वर्ग याच्यावर. माझं कधी अडलं नाही. चारदोन पोरं तर वही मागायला यायची, "काकू, तुमचं आधीच ठरलेलं असतं, आम्हालाही सांगा ना." मी तोऱ्यात सांगायचे. त्या बिचाऱ्यांचं काय झालं असेल, याचा आता विचार करवत नाही.

मागच्या सोमवारी शेवटच्या सत्राची नोंदणी करायला गेले. शेवटच्या वेळी सल्लागाराची सही लागते. सल्लागार म्हणजे तुमच्या धाकट्या सुनेच्या वयाची मुलगी, बोलायला गोड, टेबलावर तीन पेले आणि तिन्हींत गार झालेला चहा. तिने माझी पुस्तिका हातात घेतली आणि उलटीसुलटी करून बघितली.

"काकू, ही इतकी छान प्रत तुम्हाला कुठे मिळाली?"

"मीच बांधली."

"सुंदर आहे हो." मग पानं चाळता चाळता ती थांबली. "पण समासातल्या चांदण्या कुठे गेल्या?"

कसल्या चांदण्या, म्हटलं. तिने तिची प्रत उघडली. पानाच्या अगदी कडेला काही विषयांसमोर बारीक चांदणी छापलेली होती. चांदणी असेल तो विषय सक्तीचा, घेतलाच पाहिजे, नाहीतर श्रेयांक कितीही भरोत, पदवी नाही.

वन्सं, मी त्या कापून केरात टाकल्या होत्या. चार वर्षांपूर्वी.

तुमचे बंधू कापायच्या आधी प्रत्येक पानाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. मला वाटायचं सवय आहे, तपकिरीची असते तशी. कुणी समासात काही लिहिलंय का, काही छापलंय का, किती जागा आहे, हे बघत असणार, हे मला त्या मुलीच्या टेबलाशी बसल्यावर कळलं. तेवीस वर्षं एका घरात राहून मी हे विचारलं नव्हतं. शिवण माझी आणि कापणी त्यांची, एवढंच मला ठाऊक होतं.

नशीब असं की सक्तीचे बाकी सगळे विषय मी आवडीने आधीच घेतलेले निघाले. एकच राहिला. दोन श्रेयांकांचा. त्याचं नाव ऐका: "ग्रंथालयाचा वापर: ओळख." पुस्तक कसं शोधावं, कसं हाताळावं, पानं कशी उलटावीत. तो मी पहिल्याच वर्षी पुस्तिकेत पाहिला होता आणि एकटीच हसले होते. ज्या ग्रंथालयाची निम्मी पुस्तकं माझ्या मांडीवरून गेली, तिथे मी पान उलटायला शिकू? तर हो, शिकायला हवं होतं. आणि तो विषय फक्त पहिल्या सत्रात शिकवतात, म्हणजे आता पुढच्या वर्षी. आणि तोवर जुनी योजना बंद होते. नव्या योजनेत माझ्या एकशेवीस श्रेयांकांतले साठ धरतील, असं ती मुलगी म्हणाली आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. मी तिला माझ्या पिशवीतला रुमाल दिला. (अजून परत दिलेला नाही, पण तो विषय वेगळा.)

मग तिनेच वाट काढली. एखादं काम आयुष्यभर केलेलं असेल तर त्या विषयातून सूट मिळते. त्याचा अर्ज खिडकीवर. खिडकीतले कारकून म्हणजे "हे चालत नाही" एवढंच सांगायला सरकारने नेमलेला माणूस, मी त्यांना मनातल्या मनात नाहीबुवा म्हणते. त्यांनी कामाचा दाखला मागितला. मी म्हटलं, नाही. काम तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे, म्हणाले. म्हटलं, हो. हजेरीपट? म्हटलं, स्वयंपाकघरात हजेरीपट नसतो.

"मग तुम्ही काम केलं कशावरून?"

"आमच्याकडून गेलेल्या पुस्तकाचं पान गळत नाही, त्यावरून."

नाहीबुवांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि नियम वाचून दाखवला. दोन गोष्टी लागतील. एक, काम करताना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं लेखी निवेदन. दोन, कामाचा नमुना, ज्यात अर्जदाराचा हात कुठवर आणि दुसऱ्याचा कुठून, हे स्पष्ट दिसेल. मुदत या महिनाअखेर. वर म्हणाले, "घरातलं काम पाहिलेला माणूस आता कुठून आणणार तुम्ही?" आवाजात खवचटपणा नव्हता. खरंच विचारत होते.

मी सांगितलं, माझी नणंद आहे.

तर वन्सं, निवेदन तुम्ही द्यायचं आहे. दर उन्हाळ्यात तुम्ही महिनाभर यायचात आणि त्या दिवाणावर पाय पसरून मला बघत बसायचात. पुढे गावी गेल्यावर भावाला पत्रं लिहायचात, ती सगळी माझ्याकडे आहेत. एकात लिहिलंय, "तुझी बायको सुई कमी आणि डोळे जास्त चालवते. एक चवड शिवायला अर्धा तास, कारण आधी ती वाचून होते." दुसऱ्यात, "पुस्तकं लोकांची, दोरा तुझा आणि मजा हिची." त्या वेळी मला राग आला होता. आता सल्लागार मुलीला दाखवली तर ती उडालीच. म्हणाली, काकू, याहून भक्कम पुरावा नाही, तारखेसकट आहे! पण नियमाप्रमाणे ताजं आणि सहीचं लागतं. तुम्ही तीच तक्रार पुन्हा लिहा. एक शब्द सौम्य करू नका. चांगलं लिहाल तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

कोरा कागद आणि पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. नमुन्याचं मी बघते, त्याची काळजी करू नका.

घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांगा. कंबरेला शेक देत जा.

तुमची,
डोळे जास्त चालवणारी भावजय

ता. क. नमुन्याचं मी बघते असं वर लिहिलं, ते खरं नाही. आमच्या हातून गेलेल्या प्रत्येक पुस्तकावर त्यांचा पुठ्ठा आहे, पाठीवर त्यांचं कापड आहे, माझी शिवण त्याखाली झाकलेली. ती उघडी दिसते असं जगात एकच पुस्तक आहे. तुम्हाला माहीत आहे ते कुठे आहे. पाच वर्षांपूर्वी त्यांचं तेरावं करून तुम्ही परत निघालात तेव्हा पिशवी हातात घेऊन त्या शिकंज्यापाशी थांबला होतात आणि म्हणाला होतात, "हा असाच राहू दे गं. त्याने आवळलाय." आपण दोघी त्यावर पुढे कधी बोललो नाही. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसते, पण स्क्रूला हात लावलेला नाही. त्या पुस्तकात त्यांचा हात तेवढाच आहे, स्क्रूवरचा. तेव्हा हे सगळं लांबण लावलं ते एवढ्यासाठी: निवेदन दिलंत नाही तरी चालेल, मी नाहीबुवांना तुमची जुनी पत्रं दाखवीन. पण शिकंजा उघडू का, ते कळवा.

ता. क. दुसरा. तुम्ही नको म्हणालात तर मी उघडणार नाही. पदवीवाचून एकसष्ट वर्षं काढली आहेत.

ता. क. तिसरा. पत्र टाकायचं काल राहिलं. पाकीट बंद करायला खळ शिजवली आणि ती होईपर्यंत शिकंज्यासमोर बसून वरचा दुसरा ता. क. पुन्हा वाचला. निर्णय मी तुमच्यावर ढकलत होते, हे माझ्या लक्षात आलं. तुम्ही त्या दिवशी जे म्हणालात ते भावासाठी म्हणालात आणि ते बरोबरच होतं. पण पुस्तक ग्रंथालयाचं आहे आणि पाच वर्षं कुणीतरी ते मागून परत जात असेल. तेव्हा परवानगी मागत नाही, फक्त कळवते. निवेदन मात्र पाठवा, ते लागणारच आहे.

आज सकाळी पाणी भरलं, दूध तापवून खाली उतरवलं आणि स्क्रू फिरवला. गच्च होता, दोन्ही हात लावावे लागले. पुस्तक काढलं, कडांवरून अंगठा फिरवला, शेवटचा फर्मा उभ्याउभ्याच वाचला, आणि कडा न कापता ते खिडकीवर नेऊन दिलं.