कोयती हातात देऊ नये

लिहून ठेवणार : सुंदराबाई धोंडू उतेकर, वय अंदाजे त्रेसष्ट, धंदा शेती (मधली आठ वर्षे तुरुंगवास), राहणार मौजे करंजकोंड, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कुणाचा दाब नसताना आणि डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. करंजकोंडात असा दाखला असलेली मी एकटीच आहे, बाकीच्यांचं आपण नुसतं धरून चालतो. मसुदा महाडचे दस्तलेखक भिकाजी यांनी घालून दिला. कायद्याची वाक्यं त्यांची, अधलीमधली माझी. मला चौथीपर्यंतचं लिहिता येत होतं, उरलेलं तुरुंगात आलं. माझी वाक्यं काढावीत अशी भिकाजींची सूचना होती, ती मी ऐकून घेतली.

मृत्युपत्राची घाई अशासाठी की, मरण जवळ आलेलं नाही, पण कोर्टाची तारीख जवळ आली आहे.

कलम १. माझा धाकटा दीर रावजी याचा खून केला म्हणून सत्र न्यायालयाने मला १९९६ साली जन्मठेप दिली. गेल्या वर्षी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण असं की, ज्याच्या साक्षीवर मला शिक्षा झाली त्याला सरकारने मला दिलेल्या वकिलाने एकही प्रश्न विचारला नव्हता. एवढं ध्यानात यायला माझे केस पांढरे झाले. मात्र मी निर्दोष आहे असंही वरच्या कोर्टाने म्हटलेलं नाही. खटला पुन्हा पहिल्यापासून चालवा, असं म्हटलं आहे. लावणी पुराने नेली, आता परत राबापासून, म्हणजे रोपांची जागा भाजण्यापासून सुरुवात.

भिकाजी सांगतात, निकालाआधी मी मेले तर खटला तिथेच मिटतो. मग मी खुनीही नाही आणि निर्दोषही नाही. गावकीने मला आत्ताच तसं ठेवलेलं आहे. शिमग्याला पालखी घरोघर थांबते. माझ्या दारात थांबत नाही, पण जरा हळू होते. गुरवाला विचारलं, तर म्हणाला, "निकाल लागू दे गो, मग बघू." देवसुद्धा तारखेवर आहे.

तरी आधी स्पष्ट लिहिते. रावजीला मी मारलं नाही. कुणी मारलं ते मला माहीत नाही, आणि नुसत्या संशयाने मी कुणाचं नाव घेणार नाही. माझं नाव तसंच घेतलं गेलं होतं.

कलम २. राहतं घर, मागचा गोठा आणि पाणंदीकडची भातजमीन माझा मुलगा मालोजी याला द्यावी. तो मुंबईला असतो. तुरुंगात मला दोनदा भेटायला आला, दोन्ही वेळा कागदावर सही हवी होती. तरीपण एकदा येताना चकल्या आणल्या होत्या, त्या शिपाईणीने आधी मोडून पाहिल्या आणि मग खाल्ल्या. मालोजी वाईट नाही. आई खुनी आहे की नाही हे त्याने मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

कलम ३. बांधावरचा फणस मधला दीर काशीराम याला द्यावा. याच फणसावरून माझं आणि रावजीचं भांडण होतं. झाड माझ्या बाजूला, फांद्या त्याच्या बाजूला. "तुझं मुंडकं उडवीन," असं मी रावजीला भर पाणवठ्यावर म्हटलं होतं हे खरं आहे. कोर्टात ते पाच जणांनी सांगितलं आणि पाचही जण खरं बोलले. पण मी तसं रेडकालाही म्हणते. माझं बोलणं खरं होत असतं तर करंजकोंडात मतदानाला कुणी उरलं नसतं. माझा नवरा गेला तेव्हा पहिला खांदा रावजीने दिला होता आणि तेराव्यानंतर फणसाचं भांडण पुन्हा सुरू केलं होतं. मला तो माणूस आवडायचा. त्याला खांदा देणाऱ्यांत माझ्या घरचं कुणी नव्हतं, कारण मालोजी मुंबईला होता आणि मी पोलिसांच्या गाडीत होते.

काशीरामला फणस पचत नाही हे मला ठाऊक आहे. रावजी मेला त्या संध्याकाळी हातात कोयती घेऊन रावजीच्या शेताकडे जाताना मला पाहिलं, असं शपथेवर सांगणारा तो हाच. फणस दर वर्षी भरपूर लागतो.

कलम ४. माझा तांब्याचा हंडा महाडच्या शमसुन्निसाला द्यावा. ती दासगावची सुकी मासळी घेऊन पोलादपूरच्या बाजारात बसायची, मी तांदूळ घेऊन शेजारी बसायची, आणि पावसापाण्यात गिऱ्हाईक नसलं की आम्ही एकमेकींचं गिऱ्हाईक व्हायचो. मला जामीन मिळाला तेव्हा जामीन राहायला कुणी मिळेना. शमसुन्निसाने आपल्या मुलाला, जलीलला पाठवलं. त्याचे ट्रक आंबेनळी घाटातून चालतात, नाव आहे, नावाला धक्का लागेल अशी भीती त्याला होती. आई त्याला म्हणाली, "सुंदरा एक वेळ खून करील, पण खोटा बोलायची नाय. तिनं केला नाय म्हटलान तर नाय." माझ्या वागणुकीची एवढी एकच शिफारस आजवर झालेली आहे.

जलीलला मी या मृत्युपत्रात काहीच ठेवलेलं नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं भिकाजी म्हणतात, आणि साक्षीदार दोन लागतात. जलील एक झाला. "मावशी, मला काय नको, फक्त तारखांना वेळेवर चला," असं तो म्हणतो.

दुसरा साक्षीदार अजून मिळालेला नाही. साक्ष म्हटलं की करंजकोंडात सगळ्यांना शेतावरचं काम आठवतं. काशीराम तयार होता, पण त्याची एक साक्ष मला आयुष्यभर पुरली.

कलम ५. माझी कोयती. ही सध्या मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या ताब्यात आहे. पातं पोलादपूरच्या लोहाराचं, मूठ खैराची, लग्नात माझ्या वडिलांनी दिलेली.

त्या वर्षी राबासाठी कवळं तोडायचे दिवस होते. सगळ्या बायका कोयत्या घेऊन फांद्या तोडत होत्या. रावजीची बायको राहीबाई, म्हणजे माझी धाकटी जाऊ, हिची कोयती बोथट झाली म्हणून ती माझी मागायला आली. आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, दिली तर भांडण लागतं. मी कोयती ओटीवर ठेवली, राहीने उचलली. घरात नेमकी तेवढीच शिस्त पाळली जात होती, भांडण तर फणसावरून चालूच होतं. रावजी मेला तेव्हा आठवडाभरापासून कोयती त्यांच्याच पडवीत होती.

सकाळी रावजी शेतात मरून पडल्याचं कळलं, कशाने ते कळलं नाही. दुपारी फौजदार दोन पंच घेऊन माझ्या अंगणात आले. हातात कोयती होती. ती माझ्यापुढे धरून म्हणाले, "ही कुणाची?" मी म्हटलं, "सायेब, हातात देव नका, खाली ठेवा. भांडान व्हतं." साहेब भला माणूस, त्याने खाली ठेवली. मी उचलली, अंगठ्याने धार बघितली आणि म्हटलं, "माझीच हाय. कुठं गावली?" खरं सांगायचं तर आठवड्याने ती परत दिसली म्हणून मला आनंद झाला होता. पंचनाम्यात लिहिलं आहे की, आरोपीने हत्यार आपण होऊन उचलले व स्वतःचे असल्याचे सांगितले. यात एक अक्षर खोटं नाही.

कोयती राहीकडे होती हे मी कोर्टात सांगितलं. त्याला दुसरा आधार नाही, असं निकालात आलं. दुसरा आधार म्हणजे राही. तिला कुणी बोलावलं नाही आणि ती आपण होऊन आली नाही. विधवा झाल्यापासून ती काशीरामच्या घरात राहते, त्याच्या चुलीवर जेवते. मी तिला दोष देत नाही. देत होते, पहिली काही वर्षं रोज देत होते, मग दमले.

आता नव्या खटल्यात माझ्या वकीलबाई सांगतात, "आजी, कोयती ओळखत नाही असं म्हणा. दोन्ही पंच वारलेत, पंचनामा टिकणार नाही, तुम्ही सुटाल. आणि ती माझीच म्हणालात, तर राहीबाईंच्या साक्षीशिवाय तुम्हाला परत आत जावं लागेल." म्हणजे खरं बोलले तेव्हा जन्मठेप झाली, आता खोटं बोलले तर सुटका आहे. हे कलमच काढून टाका, उद्या तुमच्याविरुद्ध पुढे करतील, असं भिकाजींचंही म्हणणं पडलं. करोत. मला तुरुंगाची भीती वाटते, फार वाटते, तिथल्या पहाटेची तर जास्तच. पण कोयती माझी आहे. मी नाही म्हटलं, तर ती फक्त खुन्याची उरते.

कलम ६. खटला संपून कोयती परत मिळाल्यावर ती राहीबाईला द्यावी. मी जामिनावर घरी आले तेव्हा घराची कौलं गेली होती, पण अंगण सारवलेलं होतं. कुणी सारवलं ते कुणी सांगेना. राहीचा हात सारवताना डावीकडून फिरतो, गावात दुसऱ्या कुणाचा फिरत नाही. मालोजीने कोयती तिच्या हातात देऊ नये. ओटीवर ठेवावी आणि बाजूला व्हावं. नाही उचलली तर तिथेच राहू द्यावी.

पुढील मजकूर त्याच दिवशी, भिकाजींच्या टेबलावर वाढवला आहे.

मृत्युपत्रासाठी महाडला चालले आहे आणि एक साक्षीदार कमी आहे, असं मी काल पाणवठ्यावर मोठ्याने म्हटलं होतं. राही तिथे कळशी भरत होती. ती कळशी उचलून घरी गेली. आज इथवर लिहून झालं आणि ती दारात उभी. काशीरामला दवाखान्याचं सांगून माझ्या मागच्या एसटीने आली होती.

"आक्का, कोयतीचा वाच," ती म्हणाली.

मी कलम ५ वाचलं.

"आजून एकदा."

पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "खरा हाय. मीच उचलली व्हती. आमच्या पडवीत व्हती, त्या सांजंला बी व्हती. सकाळी बघितली तं नव्हती."

भिकाजींनी तिला समजावलं की, साक्षीदार फक्त सहीची साक्ष देतो, मजकुराची नाही. ती म्हणाली, "मी मजकुराची देते."

मग भिकाजींनी कलम ६ दाखवलं. कोयती घेणारीला साक्षीदार होता येणार नाही. मी म्हटलं, "राही, काय ते एक सांग गो. कोयती का साक्ष?"

"कोयती नको," ती म्हणाली. "साक्ष देते. हितं बी देते न कोर्टात बी देते."

"आन काशीराम?"

"ऱ्हायचा तं त्यांच्याच घरात हाय," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसलं. "तरी देते."

यानंतर मी रडले. मृत्युपत्रात रडणं लिहीत नाहीत असं भिकाजी म्हणाले. लिहिलं आहे.

सबब कलम ६ रद्द समजावे. कोयती कुणाला द्यायची हे आता खटला संपल्यावरच ठरेल, आणि ते ठरवल्याशिवाय मला मरता येणार नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

सुंदराबाई धोंडू उतेकर (सही)

मसुदा करणार : भिकाजी, दस्तलेखक, महाड (सही. अधल्यामधल्या वाक्यांना जबाबदार नाही.)

साक्षीदार १ : जलील, धंदा वाहतूक, राहणार महाड (सही)

साक्षीदार २ : राहीबाई रावजी उतेकर, राहणार करंजकोंड, मयत रावजी यांची पत्नी (डाव्या अंगठ्याची निशाणी. दुसरी निशाणी कलम ५ शेजारी, साक्षीदाराच्या हट्टावरून.)

मुक्काम महाड, दिनांक १६ ऑक्टोबर २००३.